सगळे सारखेच होतो, साहेब

बायको गेली, तरी तिले हे सांगतलं नाही मी. दुखलं-खुपलं सगळं तिच्याजवळ बोललो, एवढं सोडून. पोरगा विचारते, बाबा, किसनकाकाच्या समोर तुम्ही असे घुम्यासारखे कावून बसता? मी म्हणतो, वय झालं बाप्पा, बोलायचा कंटाळा येते. खरं कोणालेच सांगतलं नाही. तुम्हाले सांगून राहिलो, कारण तुम्ही ना मले ओळखत, ना किसनले. फक्त मध्ये बोलू नका. एकदा थांबलो तर पुन्हा सुरू होणार नाही माझ्याच्यानं.

कुठून सुरू करू? बापापासूनच करतो. सगळं तिथूनच निघते.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. बाबा रेल्वेत गँगमन, पटरी ठोकणारे. दुर्ग लाईनवर बदली झाली अन् इकडलेच झाले. माय लवकर गेली. बाबांची एकच बहीण, माझी आत्या — तीही नवऱ्यामागोमाग गेली, अन् तिचा पोरगा किसन आमच्या क्वार्टरमध्ये आला. माझ्याहून जरासा लहान. अंगापिंडानं दोघं सारखेच, एकाचा सदरा दुसऱ्याले यायचा. लोक आमाले सख्खे भाऊ समजत. मले ते आवडत नसे.

आता छत्तीसगढात भाच्याचा मान मोठा. रामाची आई याच मुलखाची लेक, म्हणून राम म्हणजे इथल्या सगळ्यांचा भाचा — असं हे लोक मानतात. म्हणून घरच्या भाच्याच्या पाया पडतात. पांढऱ्या केसांचा मामा शेंबड्या भाच्यापुढे वाकते, अन् त्यात कोणाले नवल वाटत नाही. आमच्याकडे भाच्याचं कौतुक असते, पण इतकं नाही. बाबांच्या गँगमधले सगळे गडी छत्तीसगढी. त्यांच्यासंगं ऊठबस करता करता बाबांनी तो रिवाज उचलला. सणावारालेच नाही, रोज. किसन कामावरून आला की बाबा खाटेवरून उठत, वाकत, त्याच्या पायाले हात लावत अन् तो हात आपल्या कपाळाले. किसन लाजायचा. पाय मागे घ्यायचा. बाबा म्हणत, माझी बहीण आहे रे तुझ्यात, घेऊ दे दर्शन.

अन् मी? मी बी त्याच वेळेले रेल्वेच्या इंजन शेडमधून यायचो. पोराच्या पायाले कोण हात लावते? रिवाजात माझं काही बसत नव्हतं, हे मले समजत होतं. पण डोक्यावर हात ठेवायले तर काही रिवाज लागत नाही ना? बाबा माझ्याकडे पाहून एवढंच म्हणत — आधी हात धू, भिंतीले कोळसा लागते.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवरून? हो, एवढ्याशाच.

तवा भिलाईचा कारखाना उभा होऊन राहिला होता. जिकडे पाहा तिकडे खड्डे, लोखंडी सांगाडे, रशियन साहेबांच्या जीपा, धूळ. किसन ठेकेदाराच्या टोळीत होता. राजहऱ्याच्या खाणीतून कच्चं लोखंड मालगाडीनं यायचं, ते उतरवायचं काम. ती माती लाल, अन् इतकी चिवट की काय सांगू. हात-तोंड निघत असे, पण टाचांच्या भेगात अन् नखांच्या कडेले जी बसली ती बसली. तेल लावा, दगडानं घासा, महिना-महिना जात नसे. मरोद्याच्या लेबर कॅम्पात लाल पायांचे असे गडी ढिगानं होते. आम्ही रेल्वे शेडवाले कोळशात अन् तेलात, आमचे पाय काळे.

तर बाबांनी किसनच्या पायाले हात लावला की त्यांच्या कपाळावर लाल बोटं उमटत. ते पुसत नसत. तसेच जेवायले बसत. मी समोर बसलेलो, घास तोंडात फिरून राहिला, अन् नजर वर केली की ती लाल बोटं. माझ्या पोटात दुखायचं म्हणजे खरंच दुखायचं. रेल्वेची पक्की नोकरी माझी. तो रोजंदारीवर, आज काम आहे तर उद्या नाही. पण बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत, माझा भाचा कारखाना उभा करून राहिला. अन् दामू? दामू आहे शेडात. मी दामू.

किसन वाईट असता तर सोपं झालं असतं. तो वाईट नव्हता. मले भाऊ म्हणे, माझ्या ताटात आपल्या ताटातलं टाके. तेही मले उपकार केल्यासारखं वाटे. जळकुकड्या माणसाले चांगुलपणा जास्त झोंबते, हे मी स्वतःवरून सांगतो.

मग ते प्रकरण झालं.

मरोद्याच्या कॅम्पात ठेकेदाराचा एक मुकादम होता, शिवराळ माणूस, सगळ्यांशी भांडण. एका सकाळी त्याचं किसनशी वाजलं, चारचौघात. त्याच दिवशी दिवेलागणीले कोणीतरी त्या मुकादमाच्या डोक्यात सब्बल, लोखंडी पहार, घातली. दवाखान्यात नेला, पण वाचला नाही. सकाळचं भांडण सगळ्यांनी पाहलं होतं, पोलिसांनी किसनले उचललं. तो म्हणे, मी तवा तलावावर आंघोळ करून राहिलो होतो. एकटाच होता. एकट्याची आंघोळ कोण पाहणार?

मारणाऱ्याले पाहणारी एकच होती — सुकवारो बाई. कॅम्पाजवळ तिची चहा-भज्याची टपरी. झोपड्यांच्या मधून पळत गेलेला माणूस तिनं पाहला होता. अन् हे नीट ऐका. दुसऱ्या दिवशी, किसनले धरायच्या आधी, मी त्या टपरीवर चहा पिऊन राहिलो होतो, अन् ती गिऱ्हाइकांले सांगत होती की तोंड काही दिसलं नाही, अंधारून आलं होतं, पाठमोरा गेला. लाल पायाचा होता एवढं दिसलं. हे मी माझ्या कानानं ऐकलं.

मग झाली ओळखपरेड. आमच्याकडे शिनाख्त म्हणत. संशयिताले त्याच्यासारख्या दिसणाऱ्या माणसांच्या रांगेत उभं करायचं अन् साक्षीदारानं त्यातून ओळखून काढायचा. दुर्गच्या जेलच्या ओसरीवर होती. मी किसनची भाकर घेऊन गेलो होतो. शिपायांले त्याच बांध्याचे गडी पाहिजे होते, टेसनाकडून रेल्वे शेडचे काही लोक धरून आणले होते. मले पाहलं अन् म्हणाले, तू बी चल. मी त्याचा कोण, हे कोणी विचारलं नाही.

मॅजिस्ट्रेट साहेब माणूस नीट होता, त्याले दोष देत नाही. किसनचे केस कुरळे, म्हणून त्यानं सगळ्यांच्या डोक्याले सारखी पांढरी फडकी बांधायले लावली. सदरे सारखे. धोतरं सारखी. किसनले म्हणाला, तुले पाहिजे तिथं उभा राहा. किसन माझ्या बाजूले येऊन उभा राहिला. घरचं माणूस म्हणून, दुसरं काय?

पण ओसरीवर चढताना आम्ही चपला काढल्या. कोणी सांगतलं नव्हतं. साहेबासमोर चप्पल घालून उभं राहायची तवा आमची छाती नव्हती, पायरी आली की हात आपोआप खाली जायचा. मी पुढे होतो, मी पहिली काढली. मागच्यांनी काढल्या. किसन जरा थांबला, माझ्याकडे पाहलं — जेलमध्ये काय चालते, काय नाही, त्याले काय माहीत? मी डोळ्यानं खुणावलं, काढ. त्यानं काढली.

तवा माझ्या मनात काही नव्हतं. हे खरं आहे — पण तुम्ही मानलंच पाहिजे असं नाही.

सुकवारो आली. डोक्यावरून पदर, मान खाली. परक्या बाप्यांच्या तोंडाकडे टकमक पाहायची त्या बायांले सवयच नाही. साहेब म्हणाले, नीट पाहा बाई. ती मान खाली घालूनच रांगेच्या कडेनं चालली. बाकीचे समोरच्या भिंतीकडे पाहून राहिले होते, किसन तर श्वास धरून. मी मात्र तिच्याकडे पाहत होतो. ती पाय पाहत होती. काळे. काळे. पुन्हा काळे. माझ्यासमोर आली, माझे बी काळे. अन् मग थांबली. थांबली, अन् तवा कुठं तिनं मान वर केली.

"एही आय, साहेब," म्हणाली. हाच तो.

त्या रांगेत लाल पायाचा तो एकटा होता. कॅम्पातला कोणताही गडी तिथं उभा असता तर तिनं त्यालेच दाखवलं असतं. तिनं किसन ओळखला नाही, तिनं लाल माती ओळखली. हे साहेबाले दिसलं नाही, शिपायांले दिसलं नाही, किसनच्याही ध्यानात आलं नाही. आपल्या पायाकडे रोज कोण पाहते? मले दिसलं. माझ्या घरात त्या पायांशिवाय दुसरं दिसत काय होतं?

खालच्या कोर्टात सुकवारोनं सांगतलं, मी तोंड पाहलं होतं. खोटारडी नव्हती बाई. परेडीत तिनं किसनचं तोंड एकदा जवळून पाहलं, अन् तेच तोंड त्या संध्याकाळच्या माणसाले जाऊन चिकटलं असावं. शपथेवर बोलली, रडत बोलली. किसनले जन्मठेप झाली. मले साक्षीले कोणी बोलावलं नव्हतं. कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगतलं नाही — तोवर मी स्वतःले हेच समजावत होतो. अन् पटतही होतं मले ते, नाही असं नाही.

पण मग विचारणारा आला.

बाबांनी अपील केली, जबलपूरले, हायकोर्टात. तिथले एक वकील मूळचे आपल्या नागपूरकडचे, शांत, हळू बोलणारे. दुसऱ्या कामासाठी दुर्गले आले अन् मुद्दाम आमच्या क्वार्टरवर आले. खाटेवर बसले. बाबा खाली बसले, मी दाराशी उभा. वकील म्हणाले, सगळी केस या एका बाईच्या बोटावर उभी आहे. दुसरा पुरावा नाही. ते बोट डळमळलं की पोरगा सुटला. कागदावर लिहिलं आहे की रांगेतले सगळे सारखे दिसत होते. मग मले म्हणाले, "तुम्ही त्याच्या बाजूलाच उभे होता. आठवून सांगा. त्याच्यात अन् बाकीच्यांत काही फरक होता का? काहीही. कितीही लहान."

मी सांगणार होतो. तोंडाशी आलं होतं, टपरीवरचं बी अन् ओसरीवरचं बी. मी माणूस आहे की नाही? त्याच्यासंगं जेवलो होतो, एका चादरीत झोपलो होतो. त्यानं केलं नाही याची मले कधी शंका नव्हती. शंका असती तर किती बरं झालं असतं.

तेवढ्यात बाबांनी वकिलांपुढे हात जोडले.

"साहेब, काही करा, पण त्याले सोडवा. माझ्या तोंडात शेवटचं पाणी त्याच्या हातचं पडावं. माझं दुसरं काही मागणं नाही."

मी दाराशी उभा होतो. पोटचा पोरगा. बापाच्या तोंडात शेवटचं पाणी घालायचा हक्क कोणाचा असते? मी काय मेलो होतो? बाबांनी माझ्याकडे पाहलं बी नाही — मले दुखवायचं म्हणून नाही हो, त्यांच्या ध्यानातच नव्हतं की मी तिथं आहे. वकिलांले मात्र ते लागलं असावं. ते अवघडून माझ्याकडे पाहायले लागले. तवा बाबा म्हणाले, हा दामू, हा बी घरचाच आहे, विचारा त्याले.

हा बी.

वकिलांनी पुन्हा विचारलं. अन् मी म्हणालो, "काही फरक नव्हता. सगळे सारखेच होतो, साहेब."

ते म्हणाले, नक्की? मी म्हणालो, नक्की. डोक्याची फडकी, सदरे, धोतरं, सगळं मी नीट सांगतलं, वरून मॅजिस्ट्रेट साहेबांची तारीफ केली की बारकाईनं पाहलं त्यांनी. ते म्हणाले, काही आठवलं तर कळवा, तुमच्या नावाचं शपथपत्र मी कोर्टापुढे ठेवीन. मी त्यांले पायरीपर्यंत सोडायले गेलो. बाबांनी घरातूनच हाक दिली, दामू, साहेबांले रिक्षा पाहून दे.

अपील फेटाळली. वरच्या कोर्टापुढे जे ठेवलं होतं ते त्यांनी पाहलं. जे ठेवलं नव्हतं ते कसं पाहणार? ते माझ्याजवळ होतं.

अन् मले काय भेटलं? विचारा ना. मले वाटलं होतं किसन गेला की बाबांची नजर माझ्याकडे वळेल. उलटंच झालं. आधी किसन घरात कामावरून आल्यावर असायचा, आता चोवीस तास असायले लागला. सणाले त्याचं ताट वाढून ठेवत. रायपूरच्या जेलमध्ये भेटीचा दिवस आला की बाबा पहाटेपासून तयार, मी त्यांची पिशवी घेऊन मागून. जाळीच्या पलीकडून किसन विचारे, मामा, खाऊन राहिले ना नीट? मग मले म्हणे, भाऊ, मामाकडे पाहजो. जसा काही बाप त्याचा अन् मी ठेवलेला गडी. तिथंही मी जळलो. तुरुंगातल्या माणसावर जळलो. असा माणूस पाहला आहे का तुम्ही दुसरा?

बाबा गेले तवा किसन आतच होता. दुपार होती. डोळे मिटलेले, ओठ सुकलेले. मी वाटीतून पाणी घातलं. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "आलास का रे किसन?"

मी "हो" म्हणालो.

बायको दाराशी रडून राहिली होती. नंतर ती सगळ्यांले सांगे की यांनी बापाचं मन राखलं, किती मोठं मन. मी ऐकून घेत होतो. मन राखायसाठी नव्हतो म्हणालो मी. बाबांच्या आवाजात जी माया होती ना त्या वेळी, ती मले पाहिजे होती. त्याच्या नावावर तर त्याच्या नावावर. ती बी मी चोरली.

किसन सुटला तवा कानशिलं पांढरी झालेली. कारखाना कधीचा उभा झाला होता, चिमण्या धूर सोडून राहिल्या होत्या, अन् त्याले रस्ते ओळखू येत नव्हते. टोळी नाही, ठेकेदार नाही. लग्नाचं वय गेलेलं. जाईल कुठं? माझ्याकडेच आला. पहिल्याच दिवशी माझे हात धरून म्हणाला, भाऊ, शेवटी मामाजवळ तू होतास, मी तुझे उपकार विसरणार नाही. तवा सांगता आलं असतं. दार लावलेलं होतं, घरात तिसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, चहा घे, थंडा होईल.

त्याले आजही माहीत नाही. ते वकील वारले, सुकवारो कधीचीच गेली. आता हे फक्त माझ्याजवळ आहे, अन् आता तुमच्याजवळ. त्याले मी सांगणार नाही. हिंमत नाही म्हणून नाही सांगणार. दुसरं कारण शोधत बसत नाही.

तुम्हाले वाटत असेल म्हातारा झाला, पस्तावला, म्हणून बोलून राहिला. मले बी वाटत होतं तसं. पण परवा दुपारी मी आंगणात आलो. किसन खाटेवर पडलेला, अन् माझी नात त्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपलेली. मी तिले सकाळपासून दोनदा बोलावलं होतं, माझ्याकडे आली नव्हती. मी तिथं उभा राहिलो अन् माझ्या मनात आलं, याले जेलातून फार लवकर सोडलं.